कारखान्यातल्या तारेतून वीज अडवायची, पण माहिती जाऊ द्यायची. हे काम करणारा सिग्नल आयसोलेटर नेमका काय असतो?

गणपतीचे दिवस. मंडपात साउंड लागलाय, आरतीला दहा मिनिटं आहेत. कुणीतरी गाणी लावायला लॅपटॉप मिक्सरला जोडतो आणि स्पीकरमधून "हम्म्म्" असा सलग आवाज सुरू होतो. गाणं बंद केलं तरी तो थांबत नाही. मग लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज गायब. चार्जर परत लावला की परत सुरू.

साउंडवाल्याला यात नवीन काही नसतं. तो पेटीतून मुठीएवढा एक डबा काढतो, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावतो आणि चार्जर लावलेला असतानाही हम बंद होतो. या डब्याला डीआय बॉक्स म्हणतात.

आता मंडपातून थेट साखर कारखान्यात जाऊ. तिथल्या कंट्रोल रूममध्ये शेकडो तारा येतात. बॉयलरचं तापमान, वाफेचा दाब, डिस्टिलरीच्या टाकीतली अल्कोहोलची पातळी, सगळं या तारांमधून कळतं. तिथेही तोच हम असतो. फरक एवढाच की तो ऐकू येत नाही. तो स्क्रीनवरच्या आकड्यात मिसळतो आणि आकडा चुकतो. मंडपातल्या डीआय बॉक्सचा कारखान्यातला भाऊ म्हणजे सिग्नल आयसोलेटर. पॅनलच्या आत, पट्टीवर ओळीने लावलेली बोटभर रुंदीची प्लास्टिकची डबी. कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अनेकांना ती दिसते, पण ती नसेल तर काय होईल हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी सिग्नल म्हणजे काय ते बघू

भट्टीचं तापमान मोजायला बहुतेक ठिकाणी थर्मोकपल वापरतात. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला अगदी थोडा व्होल्टेज मिळतो. हा परिणाम थॉमस झीबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवला. आजही भट्ट्यांमध्ये त्यावरच काम चालतं.

पण हा व्होल्टेज किती असतो? नेहमी वापरात असलेल्या 'के' प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या छत्तीस हजाराव्या भागाइतका. म्हणजे तारेत कुठूनतरी १ मिलीव्होल्टचा गोंधळ शिरला, तर स्क्रीनवरचं तापमान २४-२५ अंशांनी चुकलं.

दुसरा प्रकार म्हणजे पीटी-१००. ही प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम असतो, १०० अंशाला तो १३८.५ होतो. म्हणजे इथे तापमान व्होल्टेजमध्ये मिळत नाही, ओहममध्ये मिळतं. फ्लो मीटरमध्ये ते पल्सच्या रूपात येतं, वजनकाट्यात पुन्हा मिलीव्होल्टमध्ये. प्रत्येक उपकरण आपापल्या बोलीत बोलतं आणि कंट्रोल रूममधल्या यंत्रणेला मात्र एकच भाषा हवी असते.

ती भाषा म्हणजे ४ ते २० मिलीअँपिअर. इन्स्ट्रुमेंटवाले तिला नुसतं 'फोर टू ट्वेंटी' म्हणतात. टाकी रिकामी असेल तर तारेतून ४ मिलीअँपिअर करंट जातो, भरलेली असेल तर २०, अर्धी असेल तर १२.

इथे दोन प्रश्न पडायला हवेत. पहिला, व्होल्टेज सोडून करंट का? कारण लांब तारेत व्होल्टेज वाटेत थोडा थोडा गळतो, पण एकाच वर्तुळात फिरणारा करंट सगळीकडे सारखाच असतो. तार १०० मीटर असो वा ५००, निघालेले १२ मिलीअँपिअर तिथे १२ च पोचतात.

दुसरा प्रश्न जास्त मजेशीर आहे. शून्यापासून का नाही, चारपासूनच का? कारण शून्य हा आकडा फसवा आहे. शून्य करंट म्हणजे टाकी रिकामी आहे की उंदराने तार कुरतडली? चारपासून सुरुवात केली की ही शंकाच उरत नाही. रिकाम्या टाकीचे ४ आणि तुटलेल्या तारेचे ०. युरोपातल्या प्रोसेस उद्योगांच्या 'नामूर' या संघटनेने तर नियमच करून टाकला की ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट गेला की तो बिघाड समजायचा. शिवाय त्या खालच्या ४ मिलीअँपिअरवर टाकीवरचं उपकरणही चालतं. त्याला वेगळी वीज न्यावी लागत नाही, त्याच दोन तारांवर ते जगतं.

ही कल्पना विजेच्याही आधीची आहे. पूर्वी कारखान्यांत सिग्नल हवेच्या दाबाने जायचे, ३ ते १५ पीएसआय. तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हती. ३ ते १५ आणि ४ ते २०, दोन्हींचं प्रमाण एकास पाच. आणि हवा अजून गेलेली नाही. बहुतेक कंट्रोल व्हॉल्व्ह आजही हवेनेच उघडतात-मिटतात, त्यामुळे शेवटी करंटचं रूपांतर पुन्हा हवेच्या दाबात करावं लागतं.

थर्मोकपलचे मायक्रोव्होल्ट, पीटी-१०० चे ओहम, मीटरचे पल्स या सगळ्यांचं फोर टू ट्वेंटी करणारा डबा म्हणजे सिग्नल कन्व्हर्टर. तो नुसता आकडा वाढवत नाही. थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतो, म्हणून कन्व्हर्टर स्वतःच्या टर्मिनलपाशी किती तापमान आहे तेही मोजतो आणि हिशेबात धरतो. थर्मोकपल तुटला तर काय दाखवायचं, हेही त्यात आधी ठरवून ठेवावं लागतं. भट्टीवर सहसा 'कमाल तापमान' दाखवायला सांगतात, म्हणजे यंत्रणा आपणहून आच कमी करते. उलटं ठेवलं तर तुटलेल्या थर्मोकपलकडे बघून यंत्रणा "भट्टी थंड आहे" असं समजून जाळ वाढवत राहील.

मग हम येतो कुठून?

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की अर्थिंग म्हणजे शून्य व्होल्ट. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात कारखान्याच्या एका टोकाची अर्थिंग आणि दुसऱ्या टोकाची अर्थिंग यांच्यात काही व्होल्टचा फरक असू शकतो. मोठ्या मोटारींचा गळती करंट जमिनीत जात असतो, कुठे वेल्डिंग चालू असतं, कुठे मोटारींचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करत असतात. जवळपास वीज पडली तर हा फरक क्षणभर कितीतरी पटीने वाढतो.

सिग्नलची तार एकाच ठिकाणी अर्थला जोडलेली असेल तर काही बिघडत नाही. पण ती दोन ठिकाणी जोडली गेली, की त्या दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे सिग्नलच्या तारेतूनच नको असलेला करंट वाहू लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. मंडपात लॅपटॉप चार्जरमधून अर्थ झाला होता आणि मिक्सर स्वतःच्या प्लगमधून. दोघांना जोडणारी ऑडिओची केबल त्या फेऱ्यात अडकली होती.

कारखान्यात दुसरा अर्थ मुद्दाम कुणी जोडत नाही. थर्मोकपलचं टोक आतल्या बाजूने धातूच्या नळीला वेल्ड केलेलं असतं. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं. किंवा तोच सिग्नल कंट्रोल रूमसोबत आणखी एका डेटा लॉगरला दिला जातो आणि त्या लॉगरचा मायनस आधीच अर्थला असतो. पीएलसीच्या काही कार्डांवर आठ किंवा सोळा चॅनलना मायनस एकच असतो. तिथे एका चॅनलची भानगड शेजारच्या चॅनलच्या आकड्यात उमटते आणि शोधणारा दिवसभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

समजा डिस्टिलरीतली अल्कोहोलची टाकी १० मीटर उंच आहे. १६ मिलीअँपिअरमध्ये १० मीटर, म्हणजे एका मिलीअँपिअरला साडेबासष्ट सेंटीमीटर. ग्राउंड लूपने करंट फक्त १ मिलीअँपिअरने कमी दाखवला, तर टाकी काठोकाठ भरलेली असताना ऑपरेटरला अजून दोन फूट जागा शिल्लक दिसेल. पंप चालूच राहील.

स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबल्याने काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेत टेक्सास सिटीमधल्या बीपीच्या रिफायनरीचं. २३ मार्च २००५ रोजी तिथल्या एका उंच टॉवरमध्ये ज्वलनशील द्रव भरत होता. तळापासून साडेसहा फुटांच्या आसपास असायला हवी ती पातळी १५० फुटांच्या वर गेली होती आणि स्क्रीनवरचा आकडा मात्र दहा फुटांच्या खाली होता, वर तो हळूहळू कमी होत होता. द्रव बाहेर उसळला, त्याच्या वाफेने पेट घेतला. १५ जणांचा जीव गेला, १८० जण जखमी झाले. तिथला दोष ग्राउंड लूपचा नव्हता, पातळी मोजणारा ट्रान्समीटर चुकीच्या माहितीवर कॅलिब्रेट केलेला होता आणि पातळी वाढल्याचा वेगळा अलार्मही वाजला नाही. पण कंट्रोल रूममधल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय? त्याला टॉवर दिसत नाही, आकडा दिसतो. तो आकडा ज्या ज्या ठिकाणी बिघडू शकतो, त्यातलं एक ठिकाण म्हणजे ही तार.

वीज अडवायची आणि माहिती सोडायची, हे जमतं कसं?

ग्राउंड लूपवर एक देशी उपाय सर्रास केला जातो, तो म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं. हम खरंच थांबतो. पण उद्या आत वायर सुटून बॉडीला लागली तर करंटला जायला वाट उरते ती हात लावणाऱ्या माणसातून. मंडपात असो वा कारखान्यात, हे करू नये.

आयसोलेटर अर्थिंगला हात लावत नाही. तो सिग्नलची तारच मध्ये तोडतो. आलेली तार एका बाजूला संपते, दुसऱ्या बाजूला नवीन तार सुरू होते आणि दोघींत धातूचा कुठलाही संबंध नसतो. फेरा पूर्णच होत नाही म्हटल्यावर नको असलेला करंट वाहणार कुठून?

मग माहिती पलीकडे जाते कशी? जुना आणि भरवशाचा मार्ग ट्रान्सफॉर्मरचा. एका गाभ्यावर दोन वेगळी गुंडाळणी असतात, एकीतली वीज चुंबकीय क्षेत्र तयार करते, ते दुसरीत वीज उभी करतं. अडचण अशी की फोर टू ट्वेंटी हा डीसी आहे आणि ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही. म्हणून आधी त्याचे झपाझप तुकडे करून त्याला एसीसारखं बनवतात, ट्रान्सफॉर्मरमधून पार नेतात आणि पलीकडे पुन्हा सरळ करतात.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. एका चिपमध्ये बारीक एलईडी आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. एलईडी लुकलुकतो, ट्रान्झिस्टर ते बघतो. नदीच्या दोन काठांवरून बॅटरीने इशारे करावेत तसं. याला ऑप्टोकपलर म्हणतात आणि तुमच्या मोबाइलच्या अनेक चार्जरमध्येही तो असतो. २३० व्होल्टच्या बाजूला "पुरे झालं, व्होल्टेज वाढवू नकोस" हा निरोप तोच देतो. तिसरा मार्ग कपॅसिटरचा, तो नव्या चिप्समध्ये बराच वापरतात.

चांगल्या आयसोलेटरमध्ये इनपुट, आउटपुट आणि त्याला लागणारा वीजपुरवठा हे तिघंही एकमेकांपासून तोडलेले असतात. फक्त इनपुट-आउटपुट तोडून दोघांना एकाच पुरवठ्यावर चालवलं, तर मागच्या दाराने तोच फेरा पुन्हा जोडला जाऊ शकतो. खरेदी करताना 'थ्री-वे आयसोलेशन' हे शब्द बघतात ते यासाठी.

एका घंटीमुळे उभा राहिलेला प्रश्न

आतापर्यंत चुकीच्या आकड्याबद्दल बोललो. पण सिग्नलची तार स्वतःही जीव घेऊ शकते.

१४ ऑक्टोबर १९१३. वेल्समधल्या सेंगेनिड गावच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि बचावाला गेलेला एक जण असे ४४० जण गेले. ब्रिटनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा खाण अपघात. त्या काळी खाणींमध्ये इशारा द्यायला दोन उघड्या तारा लांबवर ओढलेल्या असत. त्या एकमेकींना टेकवल्या की दुसऱ्या टोकाला घंटी वाजायची. सेंगेनिडमध्ये ठिणगी नेमकी कशाची पडली ते कधीच पक्कं सिद्ध झालं नाही, पण विद्युत इशारायंत्रणेच्या ठिणगीवर चौकशीत संशय आला.

बॅटरीवर चालणारी साधी घंटी. ती मिथेन पेटवेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या संशोधनात लक्षात आलं की घंटीच्या वेटोळ्यात ऊर्जा साठते आणि तार सुटताना ती ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. तिथून एक नवा विचार पुढे आला: स्फोट सहन करणारी जाड पेटी बनवण्यापेक्षा तारेत इतकी कमी ऊर्जा ठेवायची की ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही. याला आज इंट्रिन्सिक सेफ्टी म्हणतात.

किती कमी? हायड्रोजन आणि हवेचं योग्य मिश्रण पेटायला सुमारे २० मायक्रोज्यूल पुरतात. तांदळाचा एक दाणा चार इंचांवरून ताटात पडला तर साधारण तेवढीच ऊर्जा असते.

म्हणून अल्कोहोलच्या टाकीकडे जाणारी तार कंट्रोल पॅनलमधून थेट जात नाही. वाटेत बॅरिअर असतो. जुन्या पद्धतीच्या झेनर बॅरिअरमध्ये डायोड, रेझिस्टर आणि फ्यूज असतात. ते व्होल्टेज आणि करंट एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत. नेहमीच्या एका प्रकारात ही मर्यादा २८ व्होल्ट आणि ९३ मिलीअँपिअर असते. पॅनलमध्ये चुकून २३० व्होल्ट त्या तारेला लागले, तर ते बॅरिअरमधून जमिनीत वळतात आणि फ्यूज उडतो.

मेख 'जमिनीत' या शब्दात आहे. झेनर बॅरिअरला स्वतःची, एक ओहमच्या आतली खात्रीची अर्थिंग लागते. ती गंजली किंवा कुणी सैल करून ठेवली, तर बॅरिअर जागेवर दिसतो पण संरक्षण उरत नाही. आयसोलेटर प्रकारच्या बॅरिअरला या खास अर्थिंगची गरज नसते, कारण दोन्ही बाजू मुळातच तुटलेल्या असतात. त्यामुळे महाग असूनही नव्या प्लांटमध्ये तोच जास्त बसवला जातो. भारतात पेट्रोलियम आणि ज्वलनशील वायूंच्या ठिकाणी वापरायच्या अशा उपकरणांना मंजुरी लागते ती 'पेसो' या केंद्रीय संस्थेची, जिचं मुख्यालय नागपुरात आहे.

एवढा चांगला आहे तर सगळीकडे का लावत नाहीत?

कारण प्रत्येक डबी म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. ती सिग्नलमध्ये स्वतःची थोडी चूकही घालते, साधारण ०.१ टक्का. वीजपुरवठाही मोजकाच असतो. २४ व्होल्टमधले १२ च्या आसपास ट्रान्समीटरला लागतात, ५ व्होल्ट कंट्रोल रूममधल्या २५० ओहमच्या रेझिस्टरवर जातात. उरलेल्या सातात लांबलचक केबल आणि लूपवरच चालणारा आयसोलेटर दोघांना भागवावं लागतं. भागलं नाही, तर टाकी अर्धी असेपर्यंत आकडा ठीक येतो आणि पुढे करंट वाढतच नाही. हा बिघाड फार छळतो, कारण तपासणीच्या वेळी सगळं बरोबर दिसतं.

नव्या मुलांना चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे लूपला वीज कोण देणार. काही उपकरणं समोरून वीज घेतात, काही स्वतः देतात. दोन्हीकडून वीज देणारे एकमेकांना जोडले तर आकडा येत नाही, कधी कार्ड जळतं. अशा दोघांच्या मध्ये आयसोलेटर लावून प्रश्न सोडवणं हे प्रत्यक्षात त्याचं सगळ्यात रोजचं काम आहे. दुसरं रोजचं काम एका सिग्नलचे दोन करण्याचं. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराचं ऑनलाइन मापन बसवायला सांगितलं. या यादीत साखर कारखाने आणि डिस्टिलरीही आहेत. एकच मापन प्लांटच्या यंत्रणेलाही हवं आणि मंडळाकडे आकडे पाठवणाऱ्या लॉगरलाही, अशा वेळी दोन आउटपुटचा आयसोलेटर लावला की एका बाजूच्या बिघाडाने दुसरीकडचा आकडा हलत नाही.

आयसोलेटर वीज पडण्यापासून वाचवतो, हा मात्र गैरसमज आहे. तो ठरावीक व्होल्टेजपर्यंतच टिकतो, डबीनुसार १५०० किंवा २५०० व्होल्ट. जवळ कोसळलेल्या विजेचा झटका त्याहून बराच मोठा असू शकतो, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो.

आजकालचे ट्रान्समीटर त्याच दोन तारांवर करंटसोबत हार्ट नावाचा डिजिटल निरोपही पाठवतात, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत. साधा आयसोलेटर हे सूर अडवतो. मग आकडा येतो, पण कंट्रोल रूममधून ट्रान्समीटरशी बोलता येत नाही आणि सेटिंग बदलायला कुणालातरी टाकीवर चढावं लागतं. हार्ट चालणारा आयसोलेटर वेगळा मागवावा लागतो.

आता तर दोन तारांवरून इथरनेट थेट टाकीपर्यंत न्यायचं तंत्रही आलंय, एक किलोमीटरपर्यंत आणि सेकंदाला १० मेगाबिट वेगाने. त्यात फोर टू ट्वेंटी नसतं. पण स्फोटाचा धोका असलेल्या जागी ऊर्जेची मर्यादा तिथेही पाळावी लागते आणि त्या भट्टीतला थर्मोकपल अजूनही अंशाला ४१ मायक्रोव्होल्टच देतो.